खिचडी, लंगडी आणि उसाचा हंगाम

प्राथमिक शाळेच्या भिंतीवर 'समतोल आहार' असा तक्ता बहुधा असतोच. त्यात दुधाचा पेला असतो, लालबुंद सफरचंद असते, लोणी असते, मासा असतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार किंवा वडवणी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीशाळेत हा तक्ता शिकवताना गुरुजींची थोडी पंचाईत होते. समोरचे मूल सकाळी कोऱ्या चहात शिळी भाकरी बुडवून खाऊन आलेले असते. सफरचंदाचे चित्र पाहून ते 'सफरचंद' म्हणते, आणि धडा संपतो. दिवाळी झाली की वर्गातल्या बस्करपट्ट्या एकेक करून रिकाम्या होऊ लागतात. आईबाप ऊसतोडीला निघतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही.

'मुलांनी चांगले खावे, भरपूर खेळावे' हा उपदेश शहरात लठ्ठ होत चाललेल्या मुलांसाठी आहे, आपल्याकडे त्याचे काय काम, असे पुष्कळ शिक्षकांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. मात्र इथे प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. मुलाच्या शरीरात दिवसभरात काय जाते, काय खर्च होते आणि वाढीसाठी काय उरते, हा जमाखर्च आपल्याला शाळेतच मांडता येतो. त्यासाठी वजनकाटा, मोजपट्टी, फळा आणि एखादे लिंबू एवढे साहित्य पुरे. सुरुवात शाळेच्या खिचडीपासूनच करू.

ताटाचा हिशेब

शाळेत अन्न देण्याची राष्ट्रीय योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. पहिली काही वर्षे आपल्याकडे शिजवलेले अन्न नव्हे, तर महिन्याला 3 किलो तांदूळ मिळत असे, तोही 80 टक्के हजेरी असेल तर. तो तांदूळ घरी गेला की घरातल्या सगळ्यांत वाटला जाई, आणि ते योग्यच होते. उपाशी घरात एकट्या मुलासाठी वेगळी चूल कोण पेटवील? 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्यावे असा आदेश दिला, तेव्हा ते मुलाच्या स्वतःच्या पोटात जाण्याची सोय झाली. 2021 पासून या योजनेला 'प्रधानमंत्री पोषण' असे नाव आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजून 'खिचडी'च आहे. 1972 च्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी आठवणाऱ्या पिढीला हा केवढा पल्ला आहे हे कळेल.

पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. पाचवीच्या मुलांना पुढचे गणित फळ्यावर करायला द्यावे. 100 ग्रॅम तांदळातून सुमारे 350 उष्मांक आणि 7 ग्रॅम प्रथिने मिळतात. 20 ग्रॅम डाळीतून सुमारे 70 उष्मांक आणि साडेचार ग्रॅम प्रथिने. एक ग्रॅम तेल म्हणजे 9 उष्मांक, तेव्हा 5 ग्रॅमचे 45. भाजीचे दहा-पंधरा. बेरीज पावणेपाचशेच्या आसपास येते आणि प्रथिने 12 ग्रॅमच्या थोडी वर. सरकारी नियमात 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने असे लिहिलेले असते, ते असे जमते. अर्थात डाळ 20 ऐवजी 10 ग्रॅमच पडली तर उष्मांकांत फारसा फरक दिसत नाही, पण प्रथिनांचा हिशेब लगेच कोसळतो. पातळ पिवळे पाणी झालेली आमटी पोट भरते, अंग भरत नाही.

डाळीचे दुसरेही एक काम आहे. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात, आणि त्यातली काही आपले शरीर तयार करू शकत नाही. तांदूळ-ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचे आम्ल कमी पडते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात बऱ्यापैकी. एकमेकांची उणीव भरून निघते, म्हणून दोन्ही एका जेवणात खाल्ल्यावर प्रथिनांचा उपयोग वाढतो. डाळ-भात, भाकरी-पिठले, भाकरी-हुलग्याचे माडगे हे पदार्थ ज्यांनी प्रथम केले त्यांना अमिनो आम्ले ठाऊक नव्हती, पण जोड्या अचूक जमल्या आहेत.

आता उरलेल्या दिवसाकडे पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे 1700 उष्मांक आणि 23 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे शाळेचे जेवण प्रथिनांची निम्मी गरज भागवते, उष्मांकांची मात्र पाव हिश्शाहून थोडीच अधिक. उरलेले बाराशे घरातून यायला हवेत. एका मध्यम भाकरीला 70 ग्रॅम पीठ धरले तर तिचे सुमारे 240 उष्मांक होतात. नुसत्या भाकरीवर भागवायचे तर पाच भाकरी झाल्या! आठ वर्षांच्या पोराच्या पोटात तेवढी जागा नसते. इथे शेंगदाणे कामाला येतात. 30 ग्रॅम, म्हणजे मुलाच्या दोन मुठी दाण्यांतून 170 उष्मांक आणि सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी आणि तिच्यावर तेलाची धार ही आपल्याकडे 'भाजी नसली की खायची' गोष्ट समजली जाते. वाढत्या मुलाच्या दृष्टीने ती भाकरीइतकीच महत्त्वाची आहे, कारण थोड्या जागेत पुष्कळ उष्मांक मावतात. पालकसभेत एवढी एक गोष्ट सांगितली तरी चालेल.

दुकानातल्या रंगीत पुड्यांबद्दल थोडेच सांगतो, कारण 'खाऊ नका' म्हणून मुले ऐकत नाहीत. त्यापेक्षा पुडीतली एक कांडी आणि एक फुटाणा कोऱ्या कागदावर दाबून कागद उजेडासमोर धरावा. तेलाचा डाग कोणाचा आणि किती मोठा, ते दिसते. मग पुडीवरचा बारीक मजकूर मोठ्या मुलांकडून वाचून घ्यावा. तळलेल्या पुडीतल्या खाऊत 100 ग्रॅममागे प्रथिने साधारण सहा-सात ग्रॅम असतात, फुटाण्यांत वीसच्या वर. उष्मांक पुडीत जास्त आहेत हेही प्रामाणिकपणे सांगावे. मूल नंतर जेवत नाही, ते त्यामुळेच.

चहा काळा का झाला?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. ही मुले पुढच्या चार-पाच वर्षांत आपल्याच पहिली-दुसरीत येऊन बसली. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे काम प्राणवायू वाहून नेण्याचे. ते कमी असले की स्नायूंना प्राणवायू कमी पोचतो. असे मूल चार उड्यांत धापा टाकते, खेळातून बाजूला होऊन भिंतीला टेकून बसते, दुपारच्या तासाला पेंगते. आपण त्याच्या प्रगतिपत्रकावर 'आळशी', 'लक्ष देत नाही' असे लिहितो. लिहिण्यापूर्वी एकदा त्याच्या डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतला भाग पाहावा. तळहात आणि नखे पाहावीत. ती फिकी दिसली तर नाव टिपून आरोग्य तपासणीच्या पथकाला किंवा उपकेंद्राला कळवावे. निदान करणे त्यांचे काम. पाच ते अकरा वर्षांच्या मुलात हिमोग्लोबिन 11.5 ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय समजतात.

आता कोणी म्हणेल, बीडची बाजरी लोहाने भरलेली आहे, मग रक्त का कमी? प्रश्न रास्त आहे. पॉलिश केलेल्या तांदळात 100 ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही लोह नसते, बाजरीत सहा ते आठ असते. परंतु पोटात गेलेले लोह आणि रक्तात गेलेले लोह यांत फरक आहे. धान्यातले लोह फायटेट नावाच्या द्रव्याला बांधलेले असते आणि ते आतड्यातून सहजी शोषले जात नाही. त्यावर चहा प्यायला की आणखी एक गाठ बसते. ही गाठ वर्गात दाखवता येते.

काष्ठौषधींच्या दुकानात हिराकस मिळतो. तो म्हणजे लोहाचाच एक क्षार. दूध-साखर न घालता कडक चहा करून, गाळून, दोन काचेच्या पेल्यांत घ्यावा. एका पेल्यात हिराकसाची चिमूट टाकून ढवळावी. चहा पाहता पाहता काळानिळा होतो. चहातल्या टॅनिनने लोहाला पकडले. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई याच क्रियेने होत असे, हे वर्गात सांगायला हरकत नाही. आता त्याच पेल्यात लिंबू पिळावे. काळेपणा उतरू लागतो. लिंबातल्या आम्लांनी टॅनिनची पकड सैल केली. हा चहा कोणी पिऊ नये, प्रयोग झाल्यावर शिक्षकांनी स्वतः ओतून टाकावा. आतड्यात घडते ते हुबेहूब असेच नसते, तिथे पचनाच्या बऱ्याच गोष्टी मध्ये येतात. पण चहा जेवणातले लोह अडवतो आणि 'क' जीवनसत्त्व ते सोडवते, हे दोन्ही माणसांवरच्या चाचण्यांत पक्के झालेले आहे. 'क' जीवनसत्त्वामुळे लोह विरघळणाऱ्या, शोषता येणाऱ्या रूपात राहते.

यातून शाळेपुरत्या दोन-तीन गोष्टी निघतात. लिंबू खिचडीच्या पातेल्यात न पिळता ताटात पिळावे, कारण 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. लिंबू महाग असेल तेव्हा पेरूची एक फोड त्याहून अधिक काम करते, आणि डिसेंबर-जानेवारीत बांधावरची बोरे तर फुकट असतात. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे दिवाळीच्या सुमारास मुले खातातच. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे त्यांना सांगावे, आपल्या डोंगरातल्या फळाचा मान सफरचंदाहून कमी नाही हे समजेल. मटकी-हुलग्याला मोड आणून उसळ केली तर मोड येताना तयार होणारे विकर फायटेट तोडून टाकते आणि वर 'क' जीवनसत्त्वही तयार होते. शिजवताना त्यातले काही जाते, सगळे नाही. लोहाची गोळी असेल त्या दिवशी, सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ती गुलाबी असते, ती जेवणानंतर पाण्याबरोबर द्यावी, आणि नंतर तास-दीड तास चहा नको.

बाजरीच्या बाबतीत एक चांगली बातमी आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने मिळून 'धनशक्ती' हे अधिक लोह असलेले वाण दिले. अधिक लोहाच्या बाजरीची भाकरी काही महिने खाल्लेल्या महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा सुधारला, असे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे भाकरीवर विश्वास ठेवायला जागा आहे; तिला थोडी मदत लागते.

सहा किलोमीटर

व्यायामाचा विषय निघाला की खेड्यातले शिक्षक हसतात. आमची पोरे दिवसभर हुंदडतात, त्यांना कसला व्यायाम शिकवायचा? आणि बीडकरांपाशी याला पुरावाही आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सुमारे सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जाई, धावत जाई, वाहन नव्हते. आईवडील वीटभट्टीवर कामाला. पुढे सैन्यात गेल्यावर तो शर्यतींकडे वळला. 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने 2022 च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत धावला.

ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पण ती सांगताना आपला जमाखर्च विसरू नये. 25 किलो वजनाचे मूल एक किलोमीटर चालले की साधारण 25 उष्मांक खर्च होतात. सहा किलोमीटर जाणे आणि सहा येणे यांचे 300. म्हणजे सव्वा भाकरी रस्त्यातच संपली. ती सव्वा भाकरी जादा मिळाली तर चालण्याने हृदय आणि फुप्फुसे बळकट होतात. नाही मिळाली तर तीच भाकरी वाढीतून वजा होते. तोच रस्ता एका मुलाला धावपटू करतो आणि दुसऱ्याला फक्त दमवतो.

शिवाय हुंदडणे सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. मधल्या सुट्टीत एक दिवस नुसते उभे राहून मोजावे: मैदानाच्या मध्यभागी किती मुलगे, किती मुली? मुली बहुधा कडेला, धाकटे भावंड सांभाळत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल सुचवली आहे. ती मुलींनाही लागू आहे.

त्यासाठी आमच्या मते लंगडीसारखा खेळ नाही. साहित्य शून्य, जागा थोडी, आणि मुलगे-मुली एकत्र खेळू शकतात. प्रत्येक उडीत एका पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो, आणि हाडाचा गुण असा की त्यावर असा झटक्याचा भार पडला की ते अधिक घट्ट होते. वाढीच्या वयात हा फायदा सर्वांत जास्त. लंगडीला जोडून विज्ञानाचा तासही होतो. मुलांनी पाच मिनिटे शांत बसून मनगटावर नाडी मोजावी, मग एक मिनिट लंगडी घालावी, लगेच मोजावी, नंतर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. चार आकडे आलेखकागदावर मांडले की डोंगरासारखी रेघ दिसते. डोंगराचा उतार जितका झपाट्याने उतरतो तितकी शरीराची क्षमता चांगली. दोन महिने रोज खेळून पुन्हा तीच मोजणी करावी. मुलांना स्वतःच्या शरीरात झालेला बदल आकड्यांत दिसतो. एखाद्याची रेघ उतरतच नसेल, किंवा त्याला भोवळ येत असेल, तर त्याला 'अजून जोर लाव' म्हणू नये. वर सांगितलेल्या फिक्या पापणीची इथे आठवण ठेवावी. फेब्रुवारीनंतर हे सारे सकाळीच उरकावे.

कोयत्याबरोबर गेलेली मुले

इथवर आपण शाळेत हजर असलेल्या मुलांचे बोललो. बीड जिल्ह्यातून दर वर्षी काही लाख माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे लेकराच्या शाळेसाठी मागे राहणे आईला जमत नाही. आजी-आजोबा असले तर मूल गावी राहते, नसले तर फडात जाते. तिथे पहाटे केलेली भाकरी आणि चटणी, दिवसभर चघळायला ऊस. ऊस गोड लागतो, भूक मारतो, पण त्यात साखर आणि पाणी याखेरीज वाढीला उपयोगी असे जवळजवळ काही नाही. शाळेच्या खिचडीतली 12 ग्रॅम प्रथिने सहा महिने बंद. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या बंद. जंतांची गोळी देण्याचा राष्ट्रीय दिवस 10 फेब्रुवारीच्या सुमारास येतो, तेव्हा ही मुले कोपीत असतात. आणि अनवाणी पायांतून शिरणारा आकडेकृमी तर आतड्याला चिकटून रक्तच पितो.

या मुलांसाठी शिक्षकाच्या हातात काय आहे? गावी राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. ते दिवाळीनंतर सुरू होऊन उपयोग नाही, टोळ्या हलण्यापूर्वी सुरू व्हायला हवे, आणि त्यासाठी यादी सप्टेंबरातच करावी लागते. जे जाणारच, त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, कारण कारखान्याजवळच्या सरकारी शाळेत नाव लागले तरच तिथली खिचडी मिळते. पालकांना हे एवढ्याच शब्दांत सांगावे. 'शिक्षण' म्हटल्यावर न हलणारी आई 'दुपारचे जेवण' म्हटल्यावर कार्ड जपून ठेवते.

आणि मोजणी ठेवावी. पाच ते दहा वर्षांचे मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच होते आणि त्याचे वजन दोन-तीन किलोने वाढते. म्हणजे सहा महिन्यांत अडीच-तीन सेंटिमीटर आणि किलोभर तरी वाढ दिसायला हवी. उंची मोजताना चप्पल काढून, टाच आणि पाठ भिंतीला टेकवून, डोक्यावर गुण्या आडवा धरावा. दोन्ही वेळा सकाळीच मोजावे. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून संध्याकाळपर्यंत उंची जवळजवळ एक सेंटिमीटरने कमी भरते, आणि आपण तीनच सेंटिमीटर शोधत आहोत! वजन जेवणापूर्वी, त्याच काट्यावर. मोठ्या माणसांसाठीची बीएमआयची कोष्टके इथे लावू नयेत. आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत.

वहीच्या पानावर पहिल्या रकान्यात दसऱ्याच्या आधीची नोंद घ्यावी, दुसऱ्या रकान्यात एप्रिलमधली, आणि मध्ये एक अरुंद रकाना ठेवावा: मूल गावी होते की फडात. एप्रिलमध्ये टोळ्या परततात तेव्हा परीक्षेची घाई असते आणि परतलेल्या मुलाला आपण आधी बुडालेल्या धड्यांचे विचारतो. त्या दिवशी त्याला आधी भिंतीजवळ उभे करून गुण्या धरावा. दुसरा आकडा पहिल्याएवढाच आला, तर ते पान घेऊन त्याच आठवड्यात आरोग्य उपकेंद्र गाठावे. जूनची वाट पाहू नये.